उलट पीळ

मीठच ना हे? दत्ताराम घाडी बाटली उजेडात धरून विचारतो.
मीठच.
वडाळ्याला ढीग पडलेत, बाई, बगळे फिरतात त्यांच्यामधून,
आणि तुम्ही एवढ्याशा बाटलीला चारशे रुपये मोजता.

परळ, तिसरा मजला.
खोलीतला एसी यंत्रासाठी आहे, आम्ही त्याच्या कडेकडेने.
क्वार्ट्झची क्युव्हेट, आत दोन मिली द्रावण,
द्रावणात न दिसणारा दुपदरी धागा:
ग्वानिन सायटोसिन ग्वानिन सायटोसिन,
तीन-तीन बंधांनी समोरच्याला धरलेलं,
भाकऱ्यांच्या चवडीसारखं एकावर एक.
बाहेरच्या अंगाला फॉस्फेट.
त्या प्रत्येकावर ऋण,
म्हणून एकमेकांची तोंडं चुकवणारे.
मीठ त्यांच्यामध्ये जाऊन बसतं, आणि ते जरा जवळ येतात.

कपाटावर प्लास्टिकची प्रतिकृती आहे, दोन पायऱ्या निखळलेली.
तिच्यावरची धूळ पुसता पुसता तो एकदा म्हणाला,
हा झेड पीळ.
मी नोंदवहीतून मान वर केली.
त्रासन खात्यात अकरा वर्षं, तो म्हणाला,
सूत कुठल्या बाजूने चढतंय ते बघायचं,
अक्षराचा मधला दांडा आठवायचा. एस नाहीतर झेड.
मी सांगितलं, आमच्याकडे उलटं आहे.
हा उजवा, याला आम्ही बी म्हणतो,
आणि डावा वळला की झेड. तोच मी शोधतेय.
तो हसला. मग नाव ठेवताना कोणाचं तरी चुकलंय.

सुंभ जळतो, पीळ जात नाही, असंही तो म्हणायचा.
म्हणून एका दुपारी दुसरा नमुना तापवून दाखवला.
चौसष्ट, अडुसष्ट, बहात्तर अंश,
पडद्यावरचा आकडा आधी आळसात, मग धावत वर.
हा बघा, सुटला पीळ. दोन्ही पदर वेगळे.
गार केल्यावर?
सावकाश गार केलं तर जोडीला जोडी सापडते.
घाईनं केलं तर
जो तो स्वतःतच दुमडून गाठ होऊन बसतो.
आमचं घाईनंच झालं, तो म्हणाला,
आणि फ्लास्क विसळायला निघून गेला.

माझा आलेख एकोणीस दिवस वळला नाही.
एक मोलर, दोन, तीन, चार.
लिटरला दोनशे चौतीस ग्रॅम, तोंडात धरवणार नाही इतकं खारट,
तरी दोनशे ऐंशीपाशी तोच ओळखीचा उंचवटा.
दिवा बदलला. नायट्रोजनचं सिलिंडर बदललं.
डॉक्टर वाडिया म्हणाल्या, नमुना नवीन मागव,
आणि पैसे कुठून, ते मात्र बोलल्या नाहीत.

विसाव्या दिवशी मीठ घालून मी लगेच बटण दाबायला गेले,
तर मागून आवाज:
मुरू तरी द्या.
काय?
लोणच्याला देता ना? मग याला का नाही?

मी डबा उघडला. गवार, दोन चपात्या.
खिडकीतून एक चिमणी दिसते, गिरणीची, धुराची नव्हे आता.
पन्नास मिनिटांनी बटण दाबलं.

उंचवटा होता तिथे उतार लागला,
पुढे दोनशे पंच्याण्णवच्या आसपास खड्डा.
डोंगर कोणी हातमोज्यासारखा आतून बाहेर काढावा, तसा.
कागद सरकत राहिला, यंत्राची सुई खाली खाली,
मी ओरडले की नाही, आठवत नाही.
दत्ताराम कागदावर वाकला,
अंगठा आणि तर्जनी यांच्यात नसलेलं सूत धरून
डावीकडे वळवत म्हणाला, बसला.

प्रबंधात वाक्य आहे:
समतोलासाठी किमान पन्नास मिनिटे दिली.
आभाराच्या पानावर तो सातवा, 'श्री. डी. घाडी'.

संध्याकाळी त्याने क्युव्हेट नळाखाली धरली,
तीनदा, नेहमीसारखी, काठाला बोट न लावता.
एवढ्या पाण्यात मीठ कुठलं टिकायला!
खाली, परळच्या गटारात,
धागा परत उजवा झाला असणार.
ते मोजायला तिथे कोणी नव्हतं.